आधी किल्ली कोणाकडे, ते ठरवा

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, डोंगराच्या अंगाला आहे. आईवडिलांनी वर्षानुवर्षं ऊसतोड केली म्हणून मी शिकलो. आता चाकणला कंपनीत आहे. शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक मी हातात घेतलं ते थेट अकरावीला, बीडला आल्यावर. गावात मुलांसाठी वाचनालय काढायचं वर्षभर मनात आहे. गावच्या नोकरदार पोरांनी मिळून १ लाख २० हजार रुपये जमवलेत. पुण्यातल्या दोन सोसायट्यांनी १४ पोती पुस्तकं दिली, ती घरात पडून आहेत. एक पुढारी म्हणतात, जागा बघा, फंडातून इमारत बांधून देतो, नाव माझ्या वडिलांचं द्या. सरपंच म्हणतात, मारुतीच्या सभामंडपात सुरू करा. भरतीची तयारी करणारी पोरं म्हणतात, वाचनालय कशाला, अभ्यासिका काढ. सरकारी अनुदान मिळतं असंही ऐकतो. आमचं गाव भिलारसारखं पुस्तकांचं गाव व्हावं असं स्वप्न आहे, पण दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्यावर जातं. मी तर पुण्याकडे. सुरुवात कुठून करू? मी लांब राहून हे होईल का?
– पाटोदा तालुक्यातील एक वाचक

उत्तर :

इमारतीचा विषय सध्या बाजूला ठेवा. जमलेल्या पैशांतून गावातल्या एका माणसाचं वर्षभराचं मानधन आधी वेगळं काढा आणि मगच बाकीच्या गोष्टींकडे वळा. तुमच्या पत्रात जागा आहे, पुस्तकं आहेत, पैसे आहेत, नाव कोणाचं द्यायचं हेही आहे. रोज संध्याकाळी दार कोण उघडणार, हे मात्र कुठेच नाही. गावाकडची वाचनालयं पुस्तकं कमी पडली म्हणून बंद पडल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. उघडणारा मुलगा भरती होऊन गेला, मास्तरांची बदली झाली, आणि किल्ली कोणाच्या तरी घरी फळीवर राहिली, अशीच ती बंद पडतात. मुलं एकदा बंद दार बघून जातात, दुसऱ्यांदा बघून जातात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

माझा आग्रह असा की हे काम गावातच राहणाऱ्या एखाद्या बाईकडे द्यावं. दहावी-बारावी झालेली, लग्न होऊन तुमच्या गावात आलेली सून, जिच्या घरचे तोडीला जात नाहीत. अशा दोन-तीन जणी प्रत्येक गावात असतात. माहेरी चांगले मार्क मिळवलेले असतात, आणि इथे आल्यापासून कोणी त्यांना वाचायला-लिहायला काही दिलेलं नसतं. तरुण मुलगा उत्साहाने सुरुवात करेल, पण त्याला नोकरी लागली की तो जाणार, आणि त्याने जायलाच हवं. सून गावात राहणार. शिवाय ती दारात असेल तर घरचे मुलींना पाठवतील. पोरांचा घोळका बसलेला असेल तर सातवीच्या पुढची मुलगी तिथे फिरकणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तिला महिन्याला ३ हजार रुपये द्या. रोज अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस. वर्षाचे ३६ हजार झाले. रक्कम थोडी आहे, पुढच्या वर्षी वाढवा. पण ‘समाजकार्य आहे, पैसे कशाला’ असं गावातलं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्या राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांतले कर्मचारी वेतनश्रेणी मागत म्हातारे झाले, कितीतरी जण तुटपुंज्या पगारावर निवृत्त झाले. त्यांच्या जिवावर ग्रंथालयांची चळवळ तगली आणि त्यांच्याच घरात तिने काही पोचवलं नाही. तुमच्या वाचनालयात तरी हे पहिल्या महिन्यापासून टाळा. बोलणी करायला तुम्ही एकटे जाऊ नका, आईला पुढे करा. सुनेला काय वाटतं ते आईने तिला वेगळं विचारावं, सासूसासऱ्यांशी वेगळं बोलावं. आणि दुसरी किल्ली कोणाकडे राहील तेही त्याच दिवशी ठरवा, कारण तिच्या घरात लग्न निघेल, मूल आजारी पडेल, आणि त्या दिवशीही दार उघडायला हवं.

तिला थोडं शिकवावंही लागेल. मुलांसमोर पुस्तक कसं धरायचं, चित्रावर कुठे थांबायचं, न वाचणाऱ्या मुलाला काय द्यायचं, हे पाहून पटकन कळतं आणि सांगून कळत नाही. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला असलेली क्वेस्ट, या दोन संस्था मुलांच्या वाचनावर बरीच वर्षं काम करतायत. क्वेस्टचा ‘गोष्टरंग’ हा गोष्टी अभिनयातून सांगण्याचा उपक्रम बघण्यासारखा आहे. आधी फोन करून विचारा, आणि तिला सोबतीसह दोन दिवस पाठवा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, खर्च अंगावर येणार नाही.

आता ती १४ पोती. उघडलीत तर बहुधा जुनी गाइडं, अभियांत्रिकीची क्रमिक पुस्तकं, कालबाह्य झालेल्या संगणक प्रणालींची पुस्तकं, इंग्रजी मासिकांचे गठ्ठे, लग्नात भेट आलेली आणि कधी न उघडलेली जाड पुस्तकं निघतील. देणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण घर आवरताना निघालेली पुस्तकं ही बहुतेक आपल्या घरात नकोशी झालेली असतात. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्यातल्या तिसऱ्याचा उपयोग तुम्ही अंगणात सतरंजी टाकून करा. एकेक पुस्तक हातात घ्या आणि हे आपल्या गावात कोण वाचेल, त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या. नाव सुचलं तर पुस्तक ठेवा. दोघातिघांना मिळूनही एक नाव सुचलं नाही, तर ते पुस्तक रद्दीत. १४ पोत्यांची दोन-तीन उरली तरी वाईट वाटून घेऊ नका. रद्दीचे पैसे आले की त्यात नवी पुस्तकं घ्या, आणि सोसायटीतल्या लोकांना प्रामाणिकपणे तसं कळवा. पुढच्या वेळी त्यांना पुस्तकांऐवजी यादी पाठवा. बरेच जण आनंदाने यादीतलं एखादं नवं पुस्तक घेऊन देतात.

दिवाळी अंक मात्र फेकू नका. आपल्याकडे ही परंपरा १९०९ पासूनची आहे, आणि गावातली मोठी माणसं पुस्तकाला हात लावणार नाहीत पण अंक चाळतील. कथा आहेत, पाककृती आहेत, राशिभविष्य आहे. चार वर्षांपूर्वीचं भविष्यही लोक वाचतात आणि त्यावर तासभर बोलतात.

मुलांसाठीची पुस्तकं जवळपास सगळी नवीच घ्यावी लागतील. ४० हजार रुपये त्यासाठी ठेवा. पातळ, चित्रांची, मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत, कारण पाचवी-सहावीत असूनही अडखळत वाचणारी मुलं तुमच्याकडे बरीच येतील. त्यांच्यापुढे दोनशे पानांचा चरित्रग्रंथ ठेवला तर ती गप्प बसतील आणि आपल्याला वाचता येत नाही एवढंच शिकून घरी जातील. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठीतली बालपुस्तकं बघा. यातली बरीचशी ५० ते १५० रुपयांत मिळतात, म्हणजे तीन-चारशे पुस्तकं होतील, आणि सुरुवातीला तेवढी पुष्कळ झाली. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. सगळी पुस्तकं एकदम घेऊ नका. निम्म्या पैशांची घ्या, दोन महिने बघा, कोणती हातोहात जातात ते कळलं की उरलेल्या पैशांत तसली घ्या. जे पुस्तक सगळ्यांनाच हवंय त्याच्या तीन प्रती असू द्या. मुलांना एकच पुस्तक पुन्हा पुन्हा हवं असतं, आणि शेजारच्याने घेतलेलं तर हवंच असतं.

गावाला लागून बंजारा समाजाचा तांडा असेल तर आणखी एक गोष्ट. तांड्यावरची मुलं घरी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते. गोष्ट मराठीतून वाचली की त्यातल्याच एखाद्या मोठ्या मुलीला ती गोरबोलीत सांगायला लावा. तांड्यावरच्या आजी-आजोबांकडून त्यांच्या गोष्टी ऐकून मुलांनी वहीत लिहाव्यात, चित्रं काढावीत, आणि त्या वह्या शिवून इतर पुस्तकांबरोबरच मांडाव्यात. आपल्या आजीची गोष्ट फळीवर दिसली की ते मूल दुसऱ्या दिवशी आजीला ओढून घेऊन येतं.

पुस्तकं घरी न्यायला द्याच. याबाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही. ‘फाडतील, हरवतील’ या भीतीने काचेच्या कपाटाला कुलूप लावलेली कितीतरी वाचनालयं आहेत, आतली पुस्तकं कोरी करकरीत आहेत, आणि मुलं बाहेरून बघून जातात. हरवणार आहेतच. दहातलं एक हरवेल असं धरून चाला आणि ते खर्चातच मोजा. अनामत घेऊ नका, दंड घेऊ नका. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक परत आणत नाही, आणि मग स्वतःही येत नाही. एक जाड वही करा : तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण. पुस्तकांवर आतून क्रमांक आणि बाहेरून रंगीत टिकली, लाल म्हणजे अगदी सोपं, पिवळं म्हणजे थोडं पुढचं, निळं म्हणजे मोठ्यांचं. याहून जास्त व्यवस्था पहिल्या वर्षी नको. शनिवारी मुलांनी बसून फाटलेली पानं चिकटवायची. हाताने चिकटवलेलं पुस्तक मूल पुन्हा फाडत नाही.

जागेबद्दल सरपंचांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांना दुखवायचंही नाही. सभामंडप प्रशस्त आहे, वीज आहे, येता-जाता आहे, हे खरं. तरी मंदिरात प्रत्येक घरातलं मूल निःसंकोच येईल का? दलित वस्तीतल्या मुलाला तिथे कोणी काही बोलणार नाही याची खात्री तुम्ही देऊ शकता? मुसलमान घरातली मुलगी येईल? मोठ्या मुलींना महिन्यातले चार दिवस घरचेच पाठवणार नाहीत. उलट दलित वस्तीतल्या समाजमंदिरात सुरू केलं तर बाकीचं गाव तिकडे वळेल की नाही, तेही मनाशी खरंखरं बोला. जिल्हा परिषद शाळेची रिकामी खोली, ग्रामपंचायतीची जुनी चावडी, अंगणवाडीची संध्याकाळी मोकळी राहणारी खोली, यातलं काही मिळतं का बघा. कसोटी एकच लावा : गावातल्या सगळ्यात लांबच्या वस्तीवरची, सगळ्यात कमी मान असलेल्या घरातली दहा वर्षांची मुलगी तिथे एकटी येऊन दिवेलागणीच्या आत घरी पोचू शकते का? तिच्यासाठी जी जागा चालेल ती सगळ्यांसाठी चालेल.

वाचनालय हे ग्रामपंचायतीच्या कामांतच येतं, त्यामुळे खोली मागताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. मात्र तोंडी शब्दावर जाऊ नका. ग्रामसभेत ठराव करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यापैकी जवळची ग्रामसभा धरा आणि ठरावाची प्रत हाती घ्या. पाच वर्षांनी निवडणूक होते, पॅनेल बदलतं, आणि आधीच्यांनी दिलेली खोली पुढच्यांच्या डोळ्यांत खुपते. दोन्ही पार्ट्यांचा एकेक माणूस सुरुवातीपासून सोबत असेल तर निम्मी भांडणं टळतात.

पुढाऱ्यांना काय सांगायचं? नकार देऊ नका, मागणी बदला. त्यांना म्हणा, इमारत पुढे बघू, आत्ता संध्याकाळी वीज जाते, इन्व्हर्टर आणि चार दिवे द्या. किंवा दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनी दहा हजारांची पुस्तकं द्या, प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव छापू. माणसाला वडिलांचं नाव राहावं असं वाटतं, त्यात गैर काही नाही, आणि मुलांच्या हातातल्या पुस्तकावर ते भिंतीपेक्षा जास्त वाचलं जाईल. इमारतीची घाई न करण्याचं कारण वेगळं आहे. फंडातली इमारत म्हणजे मंजुरी, ठेकेदार, बिलं, उद्घाटनाची तारीख. वर्ष-दीड वर्ष त्यात जातं, तुमची सगळी ताकद तिथेच संपते, आणि ती कोणत्या गटाची यावरून गाव दुभंगतं. उद्घाटनानंतर सिमेंटच्या गोण्या ठेवायला वापरली जाणारी वाचनालयाची इमारत तुमच्या तालुक्यातही कुठेतरी असेल. बघून या.

भरतीवाल्या पोरांचं म्हणणं मात्र टाळू नका. मला तर पत्रातला हाच भाग सगळ्यात नाजूक वाटला. ती पोरं मूर्ख नाहीत, स्वार्थीही नाहीत. घरात एकच खोली आहे, टीव्ही चालू आहे, पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषदेच्या परीक्षा समोर आहेत, वय निघून चाललंय. त्यांना पंख्याखाली टेबल-खुर्ची आणि शांतता हवी. ही गरज खरी आहे. पण अभ्यासिका आणि मुलांचं वाचनालय एकाच खोलीत एकाच वेळी चालत नाही. अभ्यासिकेत पोरं सकाळी सहाला स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि रात्री जातात. त्यांना आवाज सहन होत नाही. मुलं मोठ्याने वाचतात, हसतात, गोष्टीतल्या वाघाचा आवाज काढतात. आठवड्याभरात कोणीतरी त्यांच्यावर खेकसतं, आणि मुलांचं येणं थांबतं. बऱ्याच गावांत वाचनालयाची पाटी तशीच राहिली आणि आत फक्त अभ्यासिका उरली, ती अशी.

म्हणून वेळ वाटून द्या. पहाटेपासून दुपारी चारपर्यंत खोली अभ्यासिकेची, पाच ते साडेसात मुलांची, साडेसातनंतर पुन्हा अभ्यासिकेची. ठरावातच हे लिहा. अभ्यासिकेची जबाबदारी पोरांनी स्वतः घ्यायची : झाडलोट, वीजबिल, चावी. महिना ५० रुपये वर्गणी त्यांच्याकडून घ्या, त्यातून परीक्षेची पुस्तकं आणि एक-दोन वर्तमानपत्रं येतील. परीक्षेच्या पुस्तकांवर तुमचे पैसे फार घालू नका, ती दरवर्षी जुनी होतात. आणि त्यांना एक विनंती करा : प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ एका अडखळणाऱ्या मुलाजवळ बसून त्याच्याकडून वाचून घ्यायचं. काही जण करतील. तेवढे पुरे आहेत.

सरकारी अनुदानाचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली गावच्या संस्था ग्रंथालय चालवतात आणि शासन अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही, त्यामुळे सगळं शासनाच्या तरतुदीवर अवलंबून असतं. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, त्यात नुसती कागदावर चालणारीही बरीच निघाली, आणि पुढे बराच काळ नव्या मान्यता थांबल्या. आज काय स्थिती आहे ते बीडला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. पहिल्या वर्षी यात पडू नका. अनुदान येईल या हिशोबाने तर काहीच सुरू करू नका. वर्षभर खोली रोज उघडली, वही भरली, तर दुसऱ्या वर्षी तीच वही घेऊन कुठेही जाता येईल. हिशोब मात्र पहिल्या दिवसापासून दारावर लावा, किती आले, कशावर गेले, दर महिन्याला. वर्गणीचे पैसे आहेत, गाव विचारणारच.

भिलारचं स्वप्न समजू शकते. २०१७ साली शासनाने ते पुस्तकांचं गाव म्हणून उभं केलं, लोकांनी आपल्या घरात पुस्तकांना जागा दिली, त्याचं कौतुक आहेच. पण भिलार महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर आहे. तिथे पर्यटक येतात, आणि गाव वर्षभर गावात असतं. तुमचं गाव दसरा-दिवाळीनंतर रिकामं होतं आणि पाडव्याच्या आसपास भरतं. त्यामुळे तुमचं वाचनालय गावाच्या या ये-जा करण्याला धरूनच उभं राहायला हवं. भिलारकडून एकच गोष्ट उचला : पुस्तकं घरात ठेवता येतात. लांबच्या वस्तीवर एखाद्या घराच्या ओसरीत पन्नास पुस्तकांची फळी लावली आणि महिन्याने पुस्तकं बदलली, तरी तिथल्या लहान पोरांची सोय होते.

हंगामाचे पाच-सहा महिने वाचनालय बंद ठेवायचं असं मनात असेल तर ते काढून टाका. उलट त्याच महिन्यांत त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. तुम्ही स्वतः आजीजवळ राहिला असाल तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शाळा सुटते, गावात आईबाप नाहीत, अंधार लवकर पडतो, आजी थकलेली असते. हंगामी वसतिगृह असेल तर जेवण तिथे होतं, पण शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचे दोन-तीन तास मूल एकटं असतं. हेच तास वाचनालयाचे ठेवा. त्या बाईला सांगा, त्या दिवसांत रोज एक गोष्ट मोठ्याने वाचायचीच, वीस मिनिटं, एकही दिवस न चुकता. जमलं तर आठवड्यातून एकदा मुलांनी आईबापांना फोनवर वाचून दाखवावं. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत बसलेल्या आईला लेकराचं वाचणं ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही.

आणि जी मुलं ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातातच, त्यांचं काय? यावर सयाजीराव गायकवाडांनी शंभर वर्षांपूर्वी उत्तर शोधलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर गेला. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, आणि जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या. तुम्ही पत्र्याच्या पेट्या घ्या. एका टोळीला एक पेटी, तीस पुस्तकं, एक वही, रंगखडूचा खोका. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेण्याच्या दिवसांतच टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलून ठेवा, ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांसोबत पेटी जाईल. टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या तरुण बाईला ती सांभाळायला द्या. फडावरून थकून आल्यावर तिला वाचून दाखवणं जमणार नाही, नुसती उघडून ठेवली तरी पुष्कळ. परत येताना पुस्तकं काजळी धरलेली, पानं सुटलेली असतील. ती वापरली गेल्याची खूण समजा आणि नवी भरा. पेटीबरोबर पालकांना हेही सांगा की शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन निघालं तर कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवता येतं. बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

गावातली मोठी माणसं वाचत नाहीत अशी तक्रार तुमच्यापुढे होईल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून आलेली कष्टकरी माणसं पुस्तकं पिशवीत भरून नेतात, तेव्हा ही तक्रार मला खरी वाटत नाही. तुमच्या गावात हरिनाम सप्ताह होत असेल, पारायणाला माणसं आठवडाभर बसत असतील. म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही सवय गावाला आहे. हंगाम संपून लोक परतले की आठवड्यातून एका रात्री खोलीबाहेरच्या ओट्यावर एखादी कथा, शेतीवरचा लेख मोठ्याने वाचा. अंगठा उठवणारी माणसंही येतील. सप्ताहाच्या वर्गणीतून थोडा वाटा पुस्तकांना मिळावा असं कीर्तनकार महाराजांकडून एकदा वदवून घ्या, तुमच्या माझ्या सांगण्यापेक्षा ते लवकर होतं.

शेवटचा प्रश्न तुमचा : लांब राहून होईल का? होईल, पण तुमचं काम काय ते ओळखून घ्या. दर महिन्याच्या एक तारखेला तिचं मानधन पोचलं पाहिजे, एकदाही उशीर नको. आठवड्यातून एकदा फोन करा आणि किती मुलं आली हे विचारण्याआधी कोणतं पुस्तक सगळ्यात जास्त मागितलं गेलं ते विचारा. रोजचे निर्णय तिला घेऊ द्या. टिकल्यांचे रंग बदलायचे असतील, बुधवारी चित्रं काढायची असतील, तर चाकणहून परवानगी लागता कामा नये. तुम्ही गावी जाल तेव्हा भाषण करू नका, सतरंजीवर बसून मुलांना एक गोष्ट वाचून दाखवा.

हिशोब असा पडतो : मानधन ३६ हजार, पुस्तकं ४०, दोन लोखंडी रॅक, सतरंज्या, दिवे, पेट्या यांना १५ ते २०, प्रवास-प्रशिक्षण ५. उरलेल्या वीसेक हजारांना हात लावू नका, ते पुढच्या वर्षीच्या मानधनाची सुरुवात आहेत. आणि नोकरदार पोरांना आत्ताच सांगा की ही वर्गणी दरवर्षी द्यायची आहे. महिना दोनशे रुपये देणारे पंधरा जण मिळाले तर त्या बाईचा पगार कायमचा सुटला.

पुस्तकांची यादी करताना अडलात तर पुन्हा लिहा. गावात कोणत्या इयत्तेची साधारण किती मुलं आहेत, त्यातली किती नीट वाचू शकतात, आणि घरी कोणती बोली बोलतात, तेवढं त्या पत्रात असू द्या.